ऱ्होंदा खोऱ्यातले 'आपले' डॉक्टर

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकातून निघालेली आगगाडी साधारण दोन तासांत कार्डिफला पोहोचते. कार्डिफ ही वेल्सची राजधानी. तिथला किल्ला, संग्रहालय आणि समुद्रकाठचा झगमगाट पाहून बहुतेक भारतीय प्रवासी माघारी फिरतात. मात्र त्याच स्थानकातून उत्तरेला ट्रेहर्बर्टची छोटी गाडी सुटते. तिच्यात बसून तासाभराचा प्रवास केला की एका वेगळ्याच मुलखाचे दर्शन घडते. पर्यटनाच्या रंगीत पत्रकांत या मुलखाला फारशी जागा मिळत नाही. परंतु मुंबई, पुणे, नागपूर, कोलकाता, मद्रास, पाटणा अशा कितीतरी शहरांतल्या वैद्यकीय महाविद्यालयांशी त्याचे जुने नाते आहे.

या मुलखाचे नाव ऱ्होंदा खोरे. इंग्रजी अक्षरांवरून परका माणूस 'ऱ्होंडा' असे वाचतो आणि लगेच ओळखू येतो.

पॉन्टिप्रीद गावाशी टॅफ आणि ऱ्होंदा या नद्यांचा संगम होतो. तेथून गाडी डावीकडच्या खोऱ्यात शिरते आणि दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येऊ लागतात. पोर्थ या गावाच्या नावाचा अर्थच दरवाजा. तिथे खोऱ्याला दोन फाटे फुटतात. एक थोरले ऱ्होंदा, दुसरे धाकटे. धाकट्या खोऱ्यातली प्रवासी गाडी केव्हाच बंद झाली. थोरल्या खोऱ्यातली मात्र टोनीपँडी, ट्रेऑर्की अशी गावे घेत शेवटच्या ट्रेहर्बर्टपर्यंत जाते. एक गाव कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते, हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. डोंगराच्या उतारावर करड्या दगडांच्या घरांच्या लांबच लांब रांगा, मधूनच एखादे जुने प्रार्थनामंदिर आणि वर हिरव्या माळावर चरणाऱ्या मेंढ्या. पाऊस म्हणाल तर कोकणातल्या माणसालाही परके वाटू नये असा!

काळ्या सोन्याचे खोरे

आजची ही हिरवळ पाहून कुणाला खरे वाटणार नाही, पण शंभर वर्षांपूर्वी हे खोरे काळेकुट्ट होते. 1851 साली येथे दोन हजार माणसेही राहत नव्हती. पुढे कोळसा सापडला आणि 1921 पर्यंत वस्ती 1,60,000 च्या वर गेली. एवढ्याशा खोऱ्यात पन्नासहून अधिक खाणी निघाल्या. येथला कोळसा कमी धुराचा आणि जास्त उष्णतेचा, म्हणून जगभरच्या आगबोटींना तोच हवा असे. मुंबईच्या बंदरात लागणाऱ्या बोटींच्या भट्ट्यांतही वेल्सचा कोळसा धगधगत असे.

एवढी माणसे आली कुठून? पश्चिम वेल्सच्या शेतांतून, इंग्लंडच्या डेव्हन-सॉमरसेटमधून, आयर्लंडमधून. त्यांच्यामागून इटलीतल्या बार्दी गावाकडची कुटुंबे आली आणि त्यांनी कोपऱ्याकोपऱ्यावर कॉफी-आइस्क्रीमची दुकाने थाटली. तेव्हा 'मूळचा ऱ्होंदाकर' शोधायला गेले तर फार थोडे सापडतील. पोट भरण्यासाठी बाहेरून आलेल्यांनीच हे खोरे वसवले. भारतीय डॉक्टर येथे आले, ते याच रांगेतले पुढचे पाहुणे.

खाणीने पोट भरले, पण मोबदलाही जबर घेतला. दरड कोसळून, वायूचा स्फोट होऊन माणसे मरत. त्यातून जे वाचत, त्यांच्या फुप्फुसांत कोळशाची धूळ साठत जाई. चाळिशी-पन्नाशीतच खोकल्याची उबळ यायची, चार पायऱ्या चढताना धाप लागायची. अशी माणसे प्रत्येक आळीत होती. त्यामुळे या खोऱ्यात डॉक्टर हा अडीअडचणीचा पाहुणा नव्हता. तो रोजच्या जगण्याचा भाग होता.

'तेरे मेरे सपने'चे मूळ गाव

विजय आनंद यांचा 'तेरे मेरे सपने' हा 1971 चा हिंदी चित्रपट अनेकांना आठवत असेल. खाणकामगारांच्या गावात आलेला ध्येयवादी तरुण डॉक्टर देव आनंदने रंगवला होता आणि सोबत मुमताज होती. हे कथानक ए. जे. क्रोनिन यांच्या 'द सिटाडेल' या 1937 सालच्या कादंबरीवर आधारलेले होते. क्रोनिन स्वतः डॉक्टर होते, मूळचे स्कॉटलंडचे. उमेदीच्या काळात त्यांनी नोकरी केली ती याच ट्रेहर्बर्टमध्ये, आणि नंतर पूर्वेकडच्या डोंगरांपलीकडील ट्रेडीगर गावात. म्हणजे भारतीय प्रेक्षकांनी पडद्यावर पाहिलेल्या त्या खाणगावाची मुळे या खोऱ्यांत होती.

ट्रेडीगरला आणखी एका कारणाने महत्त्व आहे. तेथे कामगारांनी एक वैद्यकीय मदत संस्था चालवली होती. प्रत्येकाच्या पगारातून ठरावीक पेन्स कापले जात आणि त्या बदल्यात सगळ्या कुटुंबाला डॉक्टर, औषध, दवाखाना मिळे. भिशीसारखीच ही कल्पना, फक्त पैसे आजारपणासाठी. जवळजवळ सगळे गाव तिचे सभासद होते. याच गावात 1897 साली अन्यूरिन बेव्हन यांचा जन्म झाला. लहानपणीच ते खाणीत उतरले. त्यांचे वडील फुप्फुसात धूळ साठूनच गेले. पुढे बेव्हन ब्रिटनचे आरोग्यमंत्री झाले आणि 5 जुलै 1948 रोजी त्यांनी 'नॅशनल हेल्थ सर्व्हिस' म्हणजे राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. श्रीमंत असो वा गरीब, डॉक्टरकडे जाताना खिशाला हात लावायचा नाही, हे तिचे तत्त्व. गावाने स्वतःपुरते उभारलेले छत्र बेव्हन यांनी सगळ्या देशावर धरले.

डॉक्टर पाहिजेत!

योजना तर झाली, पण राबवायला माणसे हवीत. फुकट उपचार मिळू लागताच रुग्णालयांत गर्दी उसळली. दुसरीकडे ब्रिटिश डॉक्टर जास्त पैशांसाठी कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेची वाट धरू लागले. रिकाम्या जागा भरायच्या कशा?

उत्तर तयार होते. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 पासूनचे, परळचे सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज 1926 पासूनचे. पुण्याच्या बी. जे. मेडिकलची सुरुवात 1946 ची. देशभर अशी कॉलेजे होती. तेथे शिक्षण इंग्रजीतून, पाठ्यपुस्तके ब्रिटिश लेखकांची आणि पदवीला ब्रिटनमध्ये मान्यता. शिवाय एफ.आर.सी.एस. किंवा एम.आर.सी.पी. करून परतलेल्या डॉक्टरची पाटी भारतात काही निराळीच दिसे. 'चार वर्षांत शिकून परत येतो,' असे घरच्यांना सांगून कितीतरी तरुण बोटीने, पुढे विमानाने निघाले. परकीय चलनाची त्या वेळी एवढी टंचाई होती की खिशात अवघे तीन पौंड घेऊन लंडनला उतरल्याच्या आठवणी त्या पिढीतले अनेक जण सांगतात.

रुग्णालयांनी त्यांना कनिष्ठ जागांवर लगेच घेतले. रात्रपाळ्या, सुट्टीच्या दिवसाचे काम, अपघात विभाग, कशालाही त्यांची ना नव्हती. अडचण पुढच्या पायरीवर आली. शस्त्रक्रिया, हृदयरोग अशा मानाच्या शाखांत वरची जागा रिकामी झाली की ती बहुधा तिथल्याच मुलाला मिळे. भारतीय डॉक्टरांच्या वाट्याला वृद्धांचे, मनोरुग्णांचे विभाग येत, कारण तिकडे जायला इतर कुणी फारसे उत्सुक नसे. चार वर्षांची आठ झाली, मुले शाळेत जाऊ लागली. मग अनेकांनी आपले मूळ स्वप्न बाजूला ठेवले आणि फॅमिली डॉक्टर होण्याचा मार्ग धरला.

तेथेही तोच अनुभव. लंडनच्या टुमदार उपनगरात किंवा समुद्रकाठच्या गावात जागा निघाली की अर्जांचा ढीग पडे. खाणीच्या खोऱ्यांत मात्र जाहिरात देऊन वाट पाहावी लागे. पावसाळी हवा, गरीब वस्ती, खोकणारे रुग्ण आणि रात्री-अपरात्री दारावर थाप. तिकडे कोण जाणार? भारतीय डॉक्टर गेले. पाकिस्तान, श्रीलंका आणि पुढे बांगलादेशचेही गेले. पाहता पाहता अशी वेळ आली की ऱ्होंदा खोऱ्यातल्या फॅमिली डॉक्टरांत निम्म्याहून अधिक दक्षिण आशियातून आलेले होते. केवळ वेल्सपुरतीच ही गोष्ट नव्हती. 1992 च्या आकडेवारीनुसार इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे दर सहा फॅमिली डॉक्टरांमागे एकाने दक्षिण आशियात पदवी घेतली होती.

उलटा न्याय

ऱ्होंदाच्या पश्चिमेकडचा डोंगर ओलांडला की अफान खोऱ्यात ग्लिनकोरुग नावाचे छोटे खाणगाव लागते. ज्युलियन ट्यूडर हार्ट हे इंग्लंडमध्ये जन्मलेले डॉक्टर 1961 मध्ये येथे आले आणि पुढे पंचवीसएक वर्षे येथेच राहिले. गावातल्या प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब नियमाने मोजण्याचा परिपाठ त्यांनी घातला. 1971 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांनी एक लेख लिहिला आणि त्यातला सिद्धांत जगभर गाजला. त्याचा मथितार्थ असा, की जिथे आजार जास्त तिथे चांगले डॉक्टर कमी, आणि जिथे आजार कमी तिथे डॉक्टरांची रेलचेल. बाजाराच्या हाती जितके जास्त सोपवावे, तितका हा उलटा न्याय बळावतो.

गंमत अशी, की हा उलटा न्याय थोडाफार सुलटा करण्याचे काम पुष्कळ अंशी परदेशातून आलेल्यांनी केले. त्यांनी कुठलीही चळवळ उभारली नाही, भाषणे दिली नाहीत. जिथे जागा रिकामी होती तिथे ते गेले आणि राहिले, एवढेच. पण हे 'एवढेच' किती मोठे होते, ते दवाखान्याचा दिवस पाहिल्यावर कळते.

रांगेतल्या घरातला दवाखाना

त्या काळातला खोऱ्यातला दवाखाना बहुधा रांगेतल्याच एखाद्या घरात असे. पुढच्या खोलीत बाके, मागच्या खोलीत डॉक्टर. पुष्कळ ठिकाणी एकच डॉक्टर सगळा भार उचले आणि पत्नी फोन, नोंदी सांभाळे. कित्येकदा पत्नीही डॉक्टरच असे, आणि मग बायकांची रांग तिच्याकडे लागे. रुग्णाच्या नोंदी तपकिरी रंगाच्या छोट्या पाकिटात ठेवलेल्या असत. त्या पाकिटाला वेल्सचेच पुढारी लॉइड जॉर्ज यांचे नाव पडले होते, कारण त्यांनीच 1911 मध्ये कामगारांच्या विम्याचा कायदा आणला. एका घराण्याच्या तीन पिढ्यांची पाकिटे एकाच कपाटात सापडत.

सकाळचा दवाखाना आटोपला की घरोघर फेरी. चढावरच्या घरातला म्हातारा खाली उतरू शकत नाही, म्हणून डॉक्टरनेच वर जायचे. संध्याकाळी पुन्हा दवाखाना. रात्रीचा फोनही डॉक्टरच्याच उशाशी. रात्रीच्या जबाबदारीतून फॅमिली डॉक्टरांना मोकळीक मिळाली ती 2004 च्या नव्या करारानंतर. तोवर एकट्याने दवाखाना चालवणाऱ्याला रजा म्हणजे बदली डॉक्टर शोधण्याची कटकट. दिवाळी असो की मुलाचे लग्न, आधी ती सोय लावायची आणि मग कपडे भरायचे.

भाषेची परीक्षा तर रोजची. इंग्रजी अस्खलित असले तरी खोऱ्यातली इंग्रजी वेगळी. येथला माणूस 'मी वाईट आहे' अशा अर्थाचे शब्द वापरतो, तेव्हा त्याला 'माझी तब्येत बरी नाही' असे म्हणायचे असते. 'मी डॉक्टरच्या खाली आहे' याचा अर्थ आपल्या 'डॉक्टरचे औषध चालू आहे' सारखा. हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. ते बाकावरच्या आजीबाईंकडूनच शिकावे लागे. उलट डॉक्टरांची लांबलचक नावे ऐकून गावकऱ्यांची बोबडी वळे. मग आद्याक्षरावरून किंवा अर्ध्या नावावरून काम भागे. यात अपमान नव्हता, कारण येथे सगळ्यांचेच असे. जोन्स, इव्हान्स, डेव्हिस यांची इतकी गर्दी, की दूधवाला जोन्स आणि पाववाला इव्हान्स असेच म्हणावे लागते. नावाचे लहानसे रूप मिळाले की समजावे, गावाने आपल्याला आपले म्हटले.

मार्च 1984 ते मार्च 1985 असा वर्षभर खाणकामगारांचा संप चालला. 1982 चा गिरणी संप ज्यांनी पाहिला, त्यांना त्या वर्षाची कल्पना सहज येईल. चुली थंडावल्या, सामुदायिक स्वयंपाकघरे उघडली, बायका संपाच्या आघाडीवर आल्या आणि शेवटी कामगार हरले. गिरणगावात झाले तेच येथे झाले. एकेक खाण बंद पडत गेली. 1990 च्या डिसेंबरात धाकट्या खोऱ्यातली मार्डीची खाण बंद झाली आणि ऱ्होंदातला कोळशाचा अध्याय संपला.

खाण गेली आणि तिच्याबरोबर गावातली वर्दळही गेली. कितीतरी प्रार्थनामंदिरांना कुलपे लागली, दुकानांची दारे लागली, तरुण बाहेरगावी गेले. दवाखाना मात्र राहिला. तिथे येणारी दुखणी बदलली. धुळीच्या खोकल्याबरोबर मधुमेह आला, रक्तदाब आला, बेकारीतून येणारी उदासी आली. वरवर गुडघा दाखवायला आलेला माणूस मनातले बोलायला आलेला असे. ते ओळखण्यासाठी तो माणूस, त्याचा बाप, त्याची खाण माहीत असावी लागते. वीस-पंचवीस वर्षे एकाच खुर्चीत बसलेल्या डॉक्टरला ते माहीत होते. 1998 मध्ये न्यायालयाने खाणकामगारांच्या श्वसनरोगांची जबाबदारी ब्रिटिश कोल या सरकारी कंपनीवर टाकली आणि नुकसानभरपाईचे दावे सुरू झाले, तेव्हा जुन्या वैद्यकीय नोंदींना मोल आले. परदेशातून आलेल्या हातांनी पाकिटात लिहून ठेवलेली ओळ आता खाणकामगाराच्या विधवेच्या कामी येत होती.

कडू घोट

हे सगळे गोड चित्र रंगवून थांबले तर ते अपुरे होईल. कृतज्ञता आणि अवहेलना या दोन्ही गोष्टी त्या डॉक्टरांनी एकाच देशात, कधी एकाच दिवशी अनुभवल्या. इनॉक पॉवेल 1960 ते 1963 या काळात ब्रिटनचे आरोग्यमंत्री होते आणि त्यांच्या काळातही इस्पितळे परदेशी डॉक्टरांच्या बळावर चालत होती. त्याच पॉवेल यांनी 1968 मध्ये बर्मिंगहॅमला स्थलांतरितांविरुद्ध जहाल भाषण केले. 1975 मध्ये ब्रिटिश वैद्यक परिषदेने भारतीय पदव्यांची सरसकट मान्यता काढून घेतली आणि नव्याने येणाऱ्यांसाठी भाषेची व ज्ञानाची परीक्षा सुरू झाली. परीक्षेला कुणाची हरकत असायचे कारण नाही. परंतु तीस वर्षे ज्यांच्या जिवावर सेवा चालली, त्यांच्या पात्रतेविषयी एकाएकी शंका निघावी, याचा सल अनेकांच्या मनात राहिला.

दुसरा कडू घोट भारताच्या बाजूचा. सर जोसेफ भोर यांच्या समितीने 1946 साली, म्हणजे ब्रिटिश आरोग्य सेवेच्या दोन वर्षे आधी, भारतासाठी असेच स्वप्न पाहिले होते. ऐपत नाही म्हणून कुणी उपचाराविना राहू नये आणि खेडोपाडी आरोग्य केंद्रे असावीत, असे तिचे म्हणणे होते. केंद्रे हळूहळू उभी राहिली, पण तेथे राहायला डॉक्टर मिळेनात. भारतातल्या करदात्यांच्या पैशांतून शिकलेला मुलगा वेल्सच्या खेड्यातली रिकामी खुर्ची भरत होता आणि मेळघाटातल्या, बस्तरातल्या खुर्च्या रिकाम्या राहत होत्या. यात एकट्या डॉक्टरला दोष देऊन चालणार नाही. सोयी, साधने, शिकण्याची संधी त्याला कुठे मिळत होती, हाही प्रश्न आहेच. मात्र ऱ्होंदाला लाभलेला प्रत्येक डॉक्टर ही कुणीतरी दिलेली देणगी होती, हे हिशेबात धरलेच पाहिजे.

तसे पाहता या देण्याघेण्याला उलटी बाजूही आहे. वेल्सचे मिशनरी 1841 पासून आजच्या मेघालयातल्या खासी टेकड्यांत येत होते. डॉ. गॉर्डन रॉबर्ट्स या वेल्श डॉक्टरने शिलाँगला उभारलेले रुग्णालय 1922 मध्ये सुरू झाले आणि आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पावसाळी डोंगरातून माणूस पावसाळी डोंगरातच आला. पुढे तीच वाट भारतीयांनी उलट दिशेने चालून दाखवली.

पडद्यावर आणि प्रत्यक्षात

या पिढीची कहाणी फार उशिरा लोकांसमोर आली. 2010 मध्ये बी.बी.सी.ने 'द इंडियन डॉक्टर' ही मालिका सुरू केली आणि 2013 पर्यंत तिचे तीन भाग झाले. 1963 साली वेल्सच्या खाणगावात आलेल्या भारतीय डॉक्टरची भूमिका संजीव भास्कर यांनी केली, तर त्याच्या पत्नीची भूमिका मुंबईत जन्मलेल्या आयेशा धारकर यांनी. 'तेरे मेरे सपने'मध्ये वेल्सच्या कादंबरीतला डॉक्टर भारतीय झाला होता. चाळीस वर्षांनी भारतीय डॉक्टर पडद्यावर वेल्सला पोहोचला. प्रत्यक्षात तो केव्हाच पोहोचला होता.

मालिका आली तोवर खरे नायक निवृत्त होत चालले होते. जी पिढी एका काळात आली, ती एका काळातच थकणार. मग ज्या खुर्च्यांवर तीस-तीस वर्षे एकच माणूस बसला होता, त्या पुन्हा भरणे कठीण झाले. काही छोटे दवाखाने मिटले, काही मोठ्या आरोग्य केंद्रांत विलीन झाले. माणूस किती मोलाचा होता ते तो उठून गेल्यावर कळते, याचा प्रत्यय खोऱ्याला आला.

2020 च्या कोरोना साथीत तो साऱ्या ब्रिटनला आला. साथीच्या पहिल्या आठवड्यांत सेवा बजावताना मृत्युमुखी पडलेल्या डॉक्टरांत परदेशातून आलेल्यांची संख्या डोळ्यांत भरण्याजोगी होती. मुंबई विद्यापीठातून 1977 मध्ये डॉक्टर झालेले जितेंद्र राठोड कार्डिफच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमध्ये हृदय व छातीच्या शस्त्रक्रिया करीत. 6 एप्रिल 2020 रोजी त्यांचे तेथेच निधन झाले. त्या दिवसांत लोक दारात उभे राहून आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी टाळ्या वाजवीत. टाळ्यांमागचा भाव खरा होता. पण टाळ्या संध्याकाळी वाजतात आणि विरतात. आभार मानायचे तर दवाखान्यात वेळेवर मिळालेली मदत, बढतीत मिळालेला न्याय आणि बाजारात मिळालेली साधी माणुसकी यांतून ते मानले जावेत, असे परदेशी डॉक्टर-नर्सेसचे म्हणणे असेल तर त्यात वावगे काय?

वाट अजून वाहती आहे. मार्च 2024 मध्ये वेल्सच्या सरकारने केरळ सरकारशी करार केला आणि 250 आरोग्य कर्मचाऱ्यांना तेथे कामाची दारे उघडली. पूर्वी एकटा माणूस तीन पौंड घेऊन निघत असे, आता दोन सरकारे बसून बोलतात. हा बदल चांगलाच. देणाऱ्यालाही विचारून घ्यावे, एवढे शहाणपण त्यात आहे.

खोऱ्यात जायचे तर

ट्रेहर्बर्टच्या गाडीने निघालेल्या प्रवाशाने वाटेत ट्रेहॅवड स्थानकावर जरूर उतरावे. तेथली लुईस मर्थर ही खाण 1983 मध्ये बंद झाली आणि आता तिचे ऱ्होंदा हेरिटेज पार्क झाले आहे. उंच लोखंडी चाकांखाली उभे राहिले की खाणीचा आवाका कळतो. पुढे ट्रेऑर्कीची पेठ पाहावी. 2019 साठीच्या स्पर्धेत ब्रिटनमधली उत्कृष्ट पेठ म्हणून तिला पुरस्कार मिळाला. पुरुषांच्या समूहगायनाची या गावाची परंपरा 1883 पासूनची आहे. वेळ असेल तर गाडीरस्त्याने बूल्खच्या घाटमाथ्यावर जावे. तेथून खाली पाहिले की सारे थोरले खोरे तळहातावर ठेवल्यासारखे दिसते.

मात्र गावातून चालताना एखाद्या आरोग्य केंद्राच्या दारावरची पाटीही वाचावी. डॉक्टरांच्या नावांत जोन्स आणि डेव्हिस यांच्या शेजारी एखादे भारतीय आडनाव हमखास सापडते. आत बाकावर खोऱ्यातली म्हातारी माणसे आपल्या पाळीची वाट पाहत बसलेली असतात. तपासणीचे पैसे नाहीत, आणि 2007 पासून वेल्समध्ये चिठ्ठीवरच्या औषधालाही पैसे पडत नाहीत. बेव्हन यांनी घालून दिलेली रीत अजून चालू आहे. ती चालू ठेवणाऱ्या हातांपैकी पुष्कळ हात सातासमुद्रापलीकडून आले होते.

वेल्श भाषेत आभाराला 'दिओल्ख' म्हणतात. घशातून 'ख' काढायला इंग्रजांना जड जाते, मराठी माणसाला नाही. तपासून बाहेर पडणारी आजीबाई दाराशी थांबून हा शब्द उच्चारते आणि आत पुढच्या रुग्णाचे नाव पुकारले जाते.